जमिनीखालचं दूषित पाणी : विजेच्या खुंट्या काय सांगतात, काय नाही

मागच्या उन्हाळ्यात एका सकाळी आमच्या वस्तीच्या मागच्या अंगाला, डम्पिंगच्या भिंतीलगत, सात-आठ पोरं-पोरी उतरल्या. जाड वायरीची रिळं, स्टीलच्या खुंट्यांनी भरलेली गोणी, दोन हातोडे आणि गाडीला असते तशी एक बॅटरी. टेप धरून त्यांनी सरळ रेघ आखली आणि दर पाच मीटरवर एक खुंटी ठोकायला सुरुवात केली. दहा मिनिटांत अर्धी वस्ती गोळा झाली. आपल्याकडे टेप आणि खुंटी दिसली की एकच अर्थ निघतो. मोजणी आली, आता घरं जाणार. एका मावशींनी तर ठोकलेली चौथी खुंटी उपटून पदराखाली धरली होती. मला निरोप आला, "सिस्टर, लवकर या, मोजणीवाले आलेत."

मोजणीवाले नव्हते ते. एका कॉलेजच्या भूविज्ञान विभागाची मुलं होती, आणि त्यांना बोलावणाऱ्यांत मीही होते. बैठकीत आम्ही सांगितलं होतं, पण बैठकीला येणारी माणसं वेगळी आणि सकाळी घरात असणारी वेगळी, हे वीस वर्षं वस्तीत फिरूनही माझ्या लक्षात राहिलं नाही. मग झाडाखाली बसून सगळं पहिल्यापासून समजावलं. मावशींनी खुंटी परत दिली, ती स्वतः ठोकू द्यायची या अटीवर.

त्या दिवशी जे सांगितलं ते इथे जरा सविस्तर लिहिते. कारण कचऱ्याचे डोंगर, नाले आणि जुन्या कारखान्यांच्या मोकळ्या जागा यांच्या कडेला बहुतेक वेळा आपलीच घरं असतात, आणि अशी पाहणी उद्या तुमच्याही वस्तीत येऊ शकते.

आमचा प्रश्न साधा होता. महापालिकेचा नळ दिवसाआड येतो, मधल्या वेळी हातपंप. गेली काही वर्षं पंपाच्या पाण्यात डाळ शिजेना, साबणाला फेस येईना, चहाची चव बदलली. डम्पिंगमधून झिरपणारं काळं पाणी, ज्याला साहेब लोक लिचेट म्हणतात, ते आपल्या पंपात येतंय का? कचेरीत गेलो की विचारलं जायचं, "पुरावा काय?" जमिनीच्या पोटात काय चाललंय याचा पुरावा आणणार कुठून? जागोजागी बोअर मारून बघायला पैसा लागतो, आणि नेमक्या जागी मारली नाही तर काहीच हाती लागत नाही. म्हणून आधी न खोदता आत डोकावायचं, आणि मग कुठे खोदायचं ते ठरवायचं. या पाहणीचं काम एवढंच.

ज्यांनी ईसीजी काढून घेतला असेल त्यांना आठवेल, छातीवर वायरी लावण्याआधी सिस्टर गार चिकट जेली लावते. कोरड्या कातडीतून वीज नीट जात नाही, ओल्या खारट जेलीतून जाते. त्या मुलांनीही प्रत्येक खुंटीच्या बुडाशी मिठाचं पाणी ओतलं. उन्हाळ्याची कोरडी माती, तिला जेली लावल्यासारखंच ते. फरक इतकाच की ईसीजीत हृदयाची स्वतःची वीज टिपतात, जमिनीत ती बाहेरून सोडावी लागते.

एका वेळी चार खुंट्या कामाला लागतात. दोन खुंट्यांतून वीज जमिनीत सोडायची आणि दुसऱ्या दोन खुंट्यांमध्ये किती व्होल्टचा फरक पडला ते मोजायचं. शाळेच्या पुस्तकातला ओहमचा नियम हाच. व्होल्ट भागिले अँपिअर म्हणजे रोध. त्यात खुंट्यांच्या अंतराचा हिशेब धरला की जमिनीची रोधकता मिळते. तिचं माप ओहम-मीटर. खुंट्या जवळजवळ असतील तर वीज वरच्या मातीतून जाते, लांब लांब असतील तर खोल उतरून जाते. म्हणून यंत्र आपणहून आधी जवळच्या खुंट्या निवडतं, मग दूरच्या, आणि अशी शेकडो मोजमापं घेतं. आमच्याकडे ४८ खुंट्या होत्या, पाच-पाच मीटरवर, म्हणजे २३५ मीटरची रेघ. रेघेच्या लांबीच्या साधारण पाचवा-सहावा हिस्सा खोल दिसतं, तेव्हा चाळीसेक मीटर. कल्पना नवी नाही. फ्रान्समध्ये कॉनरॅड श्लुंबर्जे यांनी १९१२ साली जमिनीतलं खनिज शोधायला असेच प्रयोग केले होते. आता हिशेब कॉम्प्युटर करतो, म्हणून काम एका दिवसात होतं.

एक सूचना इथेच देते, कारण त्या दिवशी मी तिथे ओरडून ओरडून घसा बसवून घेतला. बॅटरी बारा व्होल्टची असली तरी यंत्र खुंट्यांत शेकडो व्होल्ट सोडू शकतं. मोजमाप चालू असताना खुंटीला हात लावायचा नाही. पोरं, शेळ्या, कोंबड्या सगळं लांब. प्रत्येक वीस-पंचवीस मीटरवर वस्तीतलाच एक माणूस उभा करावा. वायर ओलांडायची असेल तर त्याला विचारून.

आता मुख्य गोष्ट. या विजेला दिसतं तरी काय?

आरओ विकायला येणारा माणूस पाण्यात पेनासारखं यंत्र बुडवून आकडा दाखवतो ना, टीडीएस म्हणून? ते पेनही पाण्यातून वीज सोडून बघतं. पाण्यात क्षार जास्त तर वीज जास्त जाते, आकडा मोठा येतो. खुंट्यांची ही पाहणी म्हणजे जमिनीच्या पोटात बुडवलेलं ते पेनच समजा. कचऱ्यातून झिरपलेल्या पाण्यात क्लोराईड, अमोनिया आणि इतर क्षार भरपूर असतात, म्हणून ते मुरलेली जमीन विजेला सहज वाट देते. तिची रोधकता पुष्कळदा १० ओहम-मीटरच्याही खाली जाते. समुद्राच्या पाण्याची ०.२ ते ०.३. उलट भेगा नसलेला कोरडा काळा पाषाण शेकडो-हजारोंत जातो. म्हणजे चित्रात कमी रोधकतेचा पट्टा डम्पिंगकडून निघून उताराने वस्तीकडे येताना दिसला, तर संशयाला जागा आहे.

संशयाला, असं मी मुद्दाम म्हणते. टीबीच्या वॉर्डात काम केलेल्या कुणालाही हे सांगावं लागत नाही. एक्स-रेवर डाग दिसला म्हणजे टीबीच, असं नसतं. तो जुना व्रण असेल, न्यूमोनिया असेल, गाठ असेल. डाग दिसला की थुंकी तपासायची, आणि जंतू सापडले की मग टीबी पक्का. जमिनीचं हे चित्र एक्स-रेच्या जागी आहे. थुंकीच्या जागी आहे पाण्याचा नमुना. नमुना घेतल्याशिवाय कुणी "इथे विष आहे" म्हणालं तर ऐकू नका, आणि "इथे विष नाही" म्हणालं तरी ऐकू नका.

हे न कळल्याने काय होऊ शकतं ते आमच्याकडे घडता घडता राहिलं. दोन आठवड्यांनी मुलांनी छापील चित्र आणून दाखवलं. लांबट पट्टी, तिच्यात इंद्रधनुष्यासारखे रंग. भिंतीकडच्या बाजूला, आठ-दहा मीटर खाली, गडद निळा डाग, आणि त्याची जीभ वस्तीच्या दिशेने आलेली. उरलेलं चित्र हिरवं-पिवळं, तळाला लाल. लाल बघून बायका घाबरल्या, निळं बघून निवांत झाल्या. एक आजी म्हणाल्या, "निळा तर आपलाच." हसलो सगळे. पण या चित्रांत सहसा निळा म्हणजे कमी रोधकता आणि लाल म्हणजे जास्त. आमच्या चित्रातला लाल होता खालचा कातळ, निरुपद्रवी. संशय होता तो निळ्यावर. आणि रंग कुठला कुठे द्यायचा हे कॉम्प्युटरवर बसलेल्याच्या हातात असतं, म्हणून रंग बघायचाच नाही. बाजूला आकड्यांची पट्टी असते, ती वाचायची.

त्या बैठकीला भागातले एक पुढारी बसले होते. त्यांचा बोअरवेलवाल्यांशी चांगला परिचय. चित्र बघून ते खूष झाले. "निळं म्हणजे खाली भरपूर पाणी. तिथेच बोअर मारू, पंधरा दिवसांत टाकी बसवून देतो." माणूस वाईट हेतूने बोलत नव्हता. बोअरची जागा शोधायला भूजलवाले हीच पद्धत वापरतात आणि आपल्या पाषाणात पाणी असलेली भेगाळ जागा कमी रोधकतेचीच दिसते. म्हणजे बोअरसाठी चांगली जागा आणि लिचेट मुरलेली जागा, चित्रात दोन्ही जवळपास सारख्याच. टाळ्या वाजल्या. मी उठून "थांबा" म्हणाले तेव्हा काही बायका माझ्यावरच चिडल्या. त्यांचंही खरं होतं. डोक्यावर हंडा त्यांच्या, आणि मी नळाच्या घरात राहणारी.

मुलांच्या सरांनी मध्यम मार्ग काढला. टाकीची बोअर नाही, नुसतं हातभर रुंदही नसलेलं तपासणीचं भोक. आधी त्यातलं पाणी तपासू, मग ठरवू. पाणी वर आलं तेव्हा ते फिकट चहाच्या रंगाचं होतं आणि त्याला वास होता. प्रयोगशाळेच्या कागदावर नायट्रेट, क्लोराईड आणि क्षार तिन्ही मर्यादेच्या बाहेर. टाकी बसली असती तर तेच पाणी आम्ही घराघरात, मोटर लावून, पोचवलं असतं.

कमी रोधकतेला फसण्याच्या जागा आणखी आहेत. चिकणमाती मुळातच विजेला वाट देते, एक ते शंभर ओहम-मीटरच्या मधे कुठेही, आणि तिच्यात विष असायची गरज नाही. देवनारसारखं ठाण्याच्या खाडीला चिकटलेलं डम्पिंग असेल तर खाडीचं खारं पाणीही लिचेटसारखंच दिसणार. जमिनीतला लोखंडी पाईप, जुनी सळई, पत्र्याचं कुंपण, विजेची केबल यांनी चित्र पार बिघडतं. आमच्याच पहिल्या रेघेत एक झकास निळा ठिपका आला होता. एका काकांनी सांगितलं, तिथे जुन्या नळयोजनेचा बिडाचा पाईप आहे, नव्वद सालच्या आसपास टाकलेला. खोदून बघितलं, निघाला. ज्ञान कॉलेजात असतं तसं ते काकांच्या डोक्यातही असतं. जुना खड्डा कुठे बुजवला, नाला पूर्वी कुठून वाहायचा, ट्रक रात्री कुठे रिते व्हायचे, हे म्हाताऱ्या माणसांकडून कागदावर उतरवून घेतल्याशिवाय रेघ आखूच देऊ नका. त्याच यंत्रांपैकी काहींना आणखी एक तपासणी जमते. वीज बंद केल्यावर जमीन किती वेळ भारलेली राहते ते मोजायचं. चिकणमाती आणि खारट पाणी यांच्यात फरक करायला तिचा उपयोग होतो. पाहणीवाल्यांना तेही करणार का, असं विचारायला हरकत नाही.

महाराष्ट्राच्या जमिनीची वेगळी गोष्ट आहे. राज्याचा ऐंशी टक्क्यांहून जास्त भाग काळ्या पाषाणाचा. वर माती, खाली मुरूम, त्याखाली कातळ. वाळूच्या प्रदेशात दूषित पाणी पसरट जिभेसारखं पुढे सरकतं. कातळात ते भेगांनी जातं. म्हणून एकाच गल्लीत एक पंप खारट आणि पन्नास पावलांवरचा दुसरा गोड, असं होतं. गोड पंपवाले मग म्हणतात, "आमचं चांगलं आहे, तुम्ही उगाच बोंबलता." भेग कुठून कुठे जाते हे वरून कळत नाही. एका रेघेने तर नाहीच. आडव्या-उभ्या तीन-चार रेघा लागतात, आणि एकदा उन्हाळ्यात, एकदा पावसाळ्यानंतर. पावसाचं पाणी उतरलं की डाग हलला का, वाढला का, ते दोन चित्रं शेजारी ठेवली की समजतं.

हे सगळं मोठ्या प्रमाणावर, आणि फार महागात, जिथे शिकायला मिळालं ती जागा आहे भोपाळ. भोपाळ म्हटलं की आपल्याला १९८४ची २ डिसेंबरची रात्र आठवते, गॅस आठवतो. पण तिथे दुसरी एक गोष्ट गॅसच्या आधीपासून चालू होती आणि अजून संपलेली नाही. युनियन कार्बाईडचा कीटकनाशकांचा कारखाना १९६९ साली सुरू झाला. त्याचा कचरा आधी आवारातल्या खड्ड्यांत टाकला जायचा. १९७७ पासून सांडपाणी आवाराबाहेर उत्तरेला बांधलेल्या तळ्यांत सोडलं जाऊ लागलं, उन्हाने वाळून जावं म्हणून. तळाला प्लॅस्टिकचं अस्तर होतं. १९८२ मध्येच ही तळी गळत असल्याची नोंद कंपनीच्या स्वतःच्या कागदांत आहे. भोवती कामगारांच्या, गरिबांच्या वस्त्या, आणि त्यांचं पाणी हातपंपाचं. गॅसनंतर कारखाना बंद पडला, पण खड्डे आणि तळी तिथेच राहिली. १९८४ नंतर जन्मलेली मुलंसुद्धा तेच पाणी पीत मोठी झाली. १९९९ मध्ये ग्रीनपीसने माती आणि पाण्याचे नमुने तपासून क्लोरीनयुक्त रसायनं आणि पारा सापडल्याचं जाहीर केलं. २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला सरकारला सांगावं लागलं की या वस्त्यांना स्वच्छ पाणी द्या. गॅसनंतर वीस वर्षांनी.

मग प्रश्न आला की जमिनीखाली नेमकं किती आणि कुठे आहे. २००९-१० मध्ये आपल्या नागपूरच्या नीरी संस्थेने माती-पाण्याची तपासणी केली आणि हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेने आवारात वीज सोडून रोधकतेची पाहणी केली. गाडलेला कचरा कुठे असावा, मातीचे थर कसे आहेत, हे त्यातून पुढे आलं. साफ करावी लागेल अशी माती सुमारे अकरा लाख टन, असा अंदाज अहवालात आला. आकडा बरोबर की चूक, विष किती खोल गेलंय, किती विहिरी बिघडल्यात, यावर पुढे बराच वाद झाला.

वाद होणारच होता, आणि त्याचं एक कारण या पद्धतीतच आहे. भोपाळच्या विषात क्लोरीनयुक्त द्रावणं आहेत, डायक्लोरोबेन्झीनसारखी. मीठ पाण्यात गेलं की वीज खेळते. ही रसायनं तसं करत नाहीत. ती विजेला वाट देत नाहीत. शिवाय पाण्यापेक्षा जड असल्याने खाली खाली उतरतात आणि कातळाच्या खोबणीत जाऊन बसतात. सोबत क्षार असतील तर डाग दिसेल. क्षार नसतील तर चित्र स्वच्छ आणि पाणी विषारी, असं सहज होऊ शकतं. म्हणून कारखान्याच्या जागेजवळ राहणाऱ्यांनी चित्रात काही दिसलं नाही म्हणून समाधान मानू नये. तिथे त्या त्या रसायनाची नावं लिहून नमुने तपासून घ्यावे लागतात.

२०२५ च्या जानेवारीत आवारात पोत्यांत भरून ठेवलेला ३३७ टन कचरा बारा कंटेनरमधून पीथमपूरला नेला आणि तिथे जाळला. वर्तमानपत्रांत मथळे आले, भोपाळ विषमुक्त. ते ३३७ टन गोदामातले होते. जमिनीखालचं तिथेच आहे. टन मोजून बघा, कुठे ३३७ आणि कुठे अकरा लाख.

टीडीएसच्या पेनालाही हीच मर्यादा आहे, आणि ती आरओवाला सांगणार नाही. पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक म्हणतं, टीडीएस लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत असावा, दुसरा स्रोत नसेल तर २००० पर्यंत चालेल. शिशाची मर्यादा मात्र ०.०१ मिलिग्रॅम. म्हणजे शिसं मर्यादेच्या दसपट झालं तरी पेनाचा आकडा हलणारही नाही. पेन ३०० दाखवतं म्हणून पाणी चांगलं, असं नाही. उलट आकडा वर्षभरात ४०० वरून ९०० वर गेला, तर ते मोठं लक्षण. महिन्याला एकदा त्याच पंपाचं पाणी त्याच पेनाने मोजून वहीत तारीख टाकून लिहा. दहावीतली मुलगी हे काम उत्तम करते. आमच्याकडे ती वही आता कचेरीत सगळ्यात जास्त वजनाची ठरते.

नायट्रेटबद्दल मला एक कबुली द्यायची आहे. मी कितीतरी वर्षं घरोघरी सांगत फिरले, "पाणी उकळून प्या." जंतूंसाठी ते बरोबरच आहे, अजूनही सांगते. पण नायट्रेट उकळून जात नाही. पाणी आटतं आणि नायट्रेट आणखी दाट होतं. तुरटी, गाळणी, मेडिक्लोरचे थेंब, साधा कँडलचा फिल्टर, कशानेही जात नाही. मर्यादा आहे लिटरला ४५ मिलिग्रॅम. मोठ्या माणसाला लगेच काही दिसत नाही. धोका सहा महिन्यांच्या आतल्या, वरचं दूध घेणाऱ्या बाळाला. असल्या पाण्यात पावडरचं दूध कालवलं तर रक्त प्राणवायू नीट वाहून नेऊ शकत नाही. बाळाचे ओठ, नखं निळसर पडतात, ते मलूल होतं. असं दिसलं तर तासभरही थांबू नका, दवाखाना गाठा आणि डॉक्टरांना पाणी कुठलं ते आपणहून सांगा, कारण ते विचारतीलच असं नाही. अंगावर पाजणाऱ्या आईने पाजणं अजिबात थांबवू नये. ते दूध सुरक्षित आहे. आमच्या पंपावर पाच बाळंतिणी होत्या. त्यांच्या घरी नळाचं पाणी साठवायला झाकणाचे ड्रम आधी दिले, बाकी सगळं नंतर.

नमुना कसा घ्यायचा? पंप आधी पाच-दहा मिनिटं चालवा, नळीत साचलेलं पाणी जाऊ द्या. दोन लिटरचा स्वच्छ कॅन त्याच पाण्याने तीनदा विसळा, मग भरा. वर तारीख, वेळ, पंपाची खूण. जंतूंच्या तपासणीची बाटली वेगळी. ती प्रयोगशाळाच निर्जंतुक करून देते, तिला आतून बोट लावायचं नाही आणि बर्फात ठेवून त्याच दिवशी पोचवायची. शिसं-पाऱ्यासारख्या धातूंच्या बाटलीत प्रयोगशाळा आम्ल टाकून देते, तेव्हा ती विसळायची नाही. आणि भोपाळसारखी उडून जाणारी रसायनं तपासायची असतील तर छोटी काचेची बाटली, काठोकाठ, आत हवेचा बुडबुडाही नको. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या आणि आरोग्य खात्याच्या प्रयोगशाळा जिल्ह्यात असतात. नमुना देताना कशाची तपासणी हवी ते लेखी द्या. नुसतं "पाणी तपासा" म्हटलं तर ठराविक गोष्टी बघून कागद हातात देतात.

डम्पिंगजवळच्यांनी आणखी एक अर्ज करावा. २०१६ च्या घनकचरा नियमांनी भरावाच्या जागेच्या हद्दीपासून पन्नास मीटरच्या आतलं भूजल उन्हाळ्यात, पावसाळ्यात आणि पावसाळ्यानंतर तपासत राहायला सांगितलं होतं. ते तपासलं का, कुठल्या विहिरीत, आकडे काय आले, हे माहितीच्या अधिकारात मागा. दहा रुपयांचा अर्ज, तीस दिवसांत उत्तर. तुमच्याकडे पाहणी आधीच झाली असेल तर अहवालासोबत रेघांचा नकाशा मागा. रेघ भिंतीच्या कुठल्या बाजूला होती, वस्तीकडे की रिकाम्या माळाकडे, हे आधी बघा. आम्ही मागवलेल्या एका जुन्या अहवालात सगळ्या रेघा डम्पिंगच्या वरच्या अंगाला होत्या, जिथून पाणी येतं तिकडे. ज्या बाजूला ते जातं, तिथे एकही नाही. अहवालाचा निष्कर्ष, अर्थातच, प्रदूषण आढळले नाही.

आमच्या पंपाचा दांडा आता काढून ठेवलाय आणि अंगाला लाल रंग दिलाय. नळ अजून दिवसाआडच येतो, टँकरचा अर्ज दोनदा परत आला, तिसरा गेलाय. दुसरी रेघ दिवाळीनंतर टाकायची ठरली आहे, यावेळी शाळेच्या मागून. चौथी खुंटी ठोकायचा मान मावशींनी आतापासून मागून ठेवलाय.